पेनिसिलिनच्या शेजारची दाढदुखी

दाढ दुखायला लागते ती बहुधा रात्री. दिवसभर कामाच्या नादात कणकण सहन होते. अंथरुणावर आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब थोडा वाढतो, दाताच्या आत कोंडलेली, आधीच सुजलेली नस आणखी दाबली जाते आणि ठणका कानशिलापर्यंत जातो. पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीसारख्या ठिकाणी मात्र रात्रीचे अकरा म्हणजे निजानीज नव्हे. सेकंड शिफ्ट सुटलेली असते. तळवडे, भोसरी, चाकणच्या कंपन्यांतून माणसं परतत असतात. घरकुल योजनेच्या इमारतींत, कुदळवाडीच्या गल्ल्यांत अजून दिवे असतात. दाताचा दवाखाना एव्हाना बंद झालेला असतो आणि मेडिकल उघडं असतं.

पुढचा संवाद ठरलेला. ‘दादा, दाढ लई ठणकतीय, काहीतरी पॉवरफुल द्या.’ काउंटरच्या पलीकडचा माणूस तोंडात डोकावत नाही, डोकावून त्याला कळणारही नाही. तो कात्रीने तीन पट्ट्यांचे तुकडे कापतो. एक दुखण्याची गोळी, एक पित्ताची आणि एक अँटिबायोटिक. ही तिसरी बऱ्याचदा ‘सहाशे पंचवीस’ असते, म्हणजे ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. नाहीतर मग ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र केलेली, जुलाबालाही तीच आणि दाढेलाही तीच. ‘ही सकाळ-संध्याकाळ, ही दुखली की.’ दोन दिवसांचा माल कागदी पुडीत पडतो.

आणि तिसऱ्या दिवशी दाढ खरोखर थांबते! सगळा घोटाळा इथेच आहे. गोळी कामाला आली असं माणसाला वाटतं, मेडिकलवाल्यालाही वाटतं, आणि पुढच्या वेळी दोघंही हाच प्रयोग बिनधास्त करतात. दाढ का थांबली हे समजून घ्यायचं तर आधी दाताच्या आत शिरायला हवं.

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे एनॅमल. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ, पण आम्लापुढे तो टिकत नाही. तोंडातला सामू साधारण ५.५च्या खाली गेला की त्यातली खनिजं विरघळायला लागतात. हे आम्ल तोंडातले जीवाणूच तयार करतात. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा त्यांतला सर्वांत बदनाम. १९२४मध्ये क्लार्क नावाच्या ब्रिटिश संशोधकाने तो किडलेल्या दातांतून वेगळा केला. साखर मिळाली की हा त्यातून आम्ल बनवतो, शिवाय त्याच साखरेपासून चिकट पदार्थ तयार करून दाताला घट्ट धरून बसतो. शिफ्टमध्ये जागं राहायला चार-पाच वेळा गोड चहा, बरोबर बिस्कीट, असा क्रम असला तर आम्लाची एक लाट ओसरायच्या आत दुसरी येते. लाळेला सामू सावरायला आणि एनॅमलमध्ये खनिजं परत बसवायला उसंतच मिळत नाही. एकूण साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा खाल्ली हे दाताच्या हिशेबात जास्त मोठं असतं.

एनॅमल पोखरलं की डेंटिन लागतं. त्यात सूक्ष्म नळ्या असतात, म्हणून गार पाणी प्यायल्यावर झिणझिण्या येतात. त्याच्याही आत पल्प, ज्याला आपण सरसकट ‘नस’ म्हणतो. प्रत्यक्षात तो मऊ ऊतींचा पुंजका असतो आणि त्यात मज्जातंतूंबरोबर रक्तवाहिन्याही असतात. मुळाच्या टोकाशी असलेल्या अगदी बारीक छिद्रातून त्या आत येतात. बोटाला जखम झाली तर बोट सुजू शकतं, कारण कातडीला ताणायला जागा आहे. दाताच्या आतल्या पल्पला सुजायला जागाच नाही, चारी बाजूंनी कठीण भिंत. दाब वाढतो, येणारं रक्त अडतं आणि पल्प मरायला लागतो. हे चालू असताना होणाऱ्या वेदनेची तुलना प्रसूतिवेदनांशी करणाऱ्या बायका पुष्कळ भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

पल्प पूर्ण मेला की वेदना एकदम थांबते. दुखणं सांगणारे तंतूच उरले नाहीत, तर दुखणार काय? मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांचा तिसरा दिवस आणि पल्प मरण्याचा दिवस पुष्कळदा एकच पडतो. जी थोडीफार गंमत गोळीने केली ती दुखण्याच्या गोळीने केली. अँटिबायोटिकचा त्यात हात नव्हता. पल्पला सूज आलेली असताना होणाऱ्या वेदनेवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही हे तपासून पाहिलेलं आहे. अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेने २०१९मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना तेच सांगतात: प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या प्रौढ माणसाला नुसत्या दाढदुखीसाठी, दाताच्या मुळाच्या टोकाशी धरलेल्या ठणक्यासाठी, इतकंच काय, दातापुरत्या मर्यादित गळवासाठीही, दातावरचा उपचार लगेच मिळत असेल तर अँटिबायोटिक देऊ नये.

मेलेला पल्प मात्र तिथेच राहतो. तोंडातल्या जीवाणूंना अशी उबदार, ओली, रक्त न पोचणारी जागा आयती मिळते. रक्त पोचत नाही म्हणजे शरीराच्या पांढऱ्या पेशी पोचत नाहीत, आणि पोटातून रक्तात गेलेली गोळीही पोचत नाही. दाताच्या मेलेल्या नसेसाठी अँटिबायोटिक घेणं म्हणजे पायात काटा तसाच ठेवून पोटरीला लेप लावण्यासारखं आहे. आठवडे, कधी महिने काहीच होत नाही. मग मुळाच्या टोकाशी पू साठतो, हाड पोखरून हिरडीवर एक पुटकुळी येते. ती फुटते, खारट-कडवट चव येते, बरं वाटतं, पुन्हा भरते. ‘हिरडीवर फोड येतो-जातो’ म्हणून वर्षानुवर्षं काढणारी माणसं आहेत. गालावर सूज दिसेपर्यंत त्यांना कोणी डॉक्टरकडे नेऊ शकत नाही.

रक्त पोचत नाही हे झालं गोळी न चालण्याचं एक कारण. दुसरं कारण सर्वांत आधी पाहिलं ते डेल्फ्टच्या एका कापड व्यापाऱ्याने. अंतोनी वान लेवेनहूकने १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं की, रोज मीठ लावून दात घासत असूनही आपल्या दातांच्या फटीत पिठासारखा पांढरा थर साचतो आणि भिंगाखाली त्यात असंख्य जिवंत प्राणी वळवळताना दिसतात. माणसाने जीवाणू पाहिल्याची ही अगदी सुरुवातीची नोंद, आणि ती दातावरच्या किटणातून आली. लेवेनहूक तेवढ्यावर थांबला नाही. त्याने त्या थरावर व्हिनेगर टाकून पाहिलं. कडेचे जीव मेले, थराच्या आतले मेले नाहीत. व्हिनेगर आत झिरपलंच नव्हतं. आज आपण या थराला बायोफिल्म म्हणतो. तोंडात जीवाणूंच्या सातशेहून अधिक जाती आढळल्या आहेत. त्या सुट्या-सुट्या पोहत नसतात. स्वतः तयार केलेल्या चिकट आवरणात थरावर थर रचून राहतात. आतल्या थरांतले जीवाणू फारसे वाढतही नाहीत. पेनिसिलिन आणि त्याचे भाऊबंद नेमके जीवाणूची भिंत बांधली जात असताना घाव घालतात. जो भिंतच बांधत नाही, निवांत पडून आहे, त्याला ते मारणार कसे? म्हणून दातावरच्या किटणाला हाताने खरवडावंच लागतं, घरी ब्रशने आणि दवाखान्यात अवजाराने. ते विरघळवणारी गोळी अजून निघालेली नाही.

आता पुडीतल्या त्या अँटिबायोटिकच्या गोळीचं मूळ गाव पाहू, कारण ते चिखलीहून फार तर दहा किलोमीटरवर आहे.

मुंबई-पुणे रस्त्यावर पिंपरीत ‘एच.ए.’ म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. एच.ए. कॉलनी, एच.ए.चं मैदान, एच.ए.ची शाळा ही नावं इथल्या लोकांच्या तोंडी इतकी बसली आहेत की पुष्कळांना ‘ए’ म्हणजे काय हे आठवतही नाही. १९५४मध्ये स्थापन झालेली ही औषधनिर्मितीतली केंद्र सरकारची पहिली कंपनी. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञ दिले आणि १९५५मध्ये पिंपरीच्या टाक्यांतून पेनिसिलिन बाहेर पडायला लागलं. टेल्को, बजाज यायच्या आधीची ही गोष्ट. आज ज्याला आपण उद्योगनगरी म्हणतो तिचा पाया पेनिसिलिनच्या बुरशीने घातला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. पुढे साठच्या दशकात इथे स्ट्रेप्टोमायसिन बनू लागलं. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. ते ज्या मातीतल्या जीवाणूपासून मिळालं त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. जगभरातल्या सूक्ष्मजीवांच्या याद्यांत पिंपरीचं नाव असं कोरलेलं आहे, आणि पिंपरीत ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

तेव्हा पेनिसिलिनला काय मोल होतं? १९४१मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला उपचार म्हणून ते टोचण्यात आलं. चेहऱ्यावरची जखम चिघळून तो मरणाच्या दारात होता. चार-पाच दिवसांत तो सुधारला आणि औषध संपलं. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेलं पेनिसिलिन गाळून, शुद्ध करून त्याला पुन्हा टोचण्यात आलं. तेही संपलं, आणि तो गेला. माणसाच्या लघवीतून परत मिळवावं इतकं हे औषध मौल्यवान होतं, आणि चौदाच वर्षांत ते पिंपरीत टाक्यांनी बनू लागलं. या झेपेचं कौतुक वाटतं. पण मुबलकपणाचे दुष्परिणाम तिथूनच सुरू होतात. १९४५च्या डिसेंबरमध्ये नोबेल स्वीकारताना अलेक्झांडर फ्लेमिंगने एक कल्पित गोष्ट सांगितली होती: एका गृहस्थाचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो, पुरेसं घेत नाही, त्याच्या घशातले जंतू औषधाला सरावतात, त्यांची लागण बायकोला होते, तिला न्यूमोनिया होतो आणि आता पेनिसिलिन चालत नाही. बायको मरते. गोष्टीत घशाच्या जागी दाढ घाला, आणि गृहस्थाला चिखलीत आणून बसवा. बाकी काही बदलावं लागत नाही.

एच.ए.चं पुढे काय झालं ते इथल्या घराघराला माहीत आहे. कंपनी आजारी पडली, कामगारांचे पगार थकले, जमिनी विकायच्या चर्चा झाल्या. चीनहून येणाऱ्या स्वस्त पेनिसिलिन-जीपुढे आपले कारखाने टिकले नाहीत. अमॉक्सिसिलिन बनतं ते याच पेनिसिलिनपासून काढलेल्या गाभ्यावर. म्हणजे पिंपरीत कधीकाळी जे मूळ द्रव्य टाक्यांत तयार होत होतं, त्याच्यापासूनची गोळी चिखलीच्या काउंटरवर कात्रीने कापून मिळते, आणि तिचा कच्चा माल वर्षानुवर्षं समुद्रापलीकडून आला.

जीवाणू सरावतात म्हणजे नेमकं काय होतं? तोंडात, घशात, आतड्यात अब्जावधी जीवाणू राहतात. गोळी दाढेसाठी घेतली तरी ती सगळीकडे फिरते. नाजूक ते मरतात, टणक ते उरतात. तोंडातल्या प्रीव्होटेला जातीच्या जीवाणूंत कित्येकदा पेनिसिलिन तोडणारं विकर असतं. त्यासाठीच तर ‘सहाशे पंचवीस’मध्ये क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड घालावं लागतं. शिवाय जीवाणू आपली जनुकं शेजाऱ्याला देऊ शकतात, आणि हा शेजारी दुसऱ्याच जातीचा असला तरी चालतो. दाढेसाठी घेतलेल्या गोळीतून आतड्यात उरलेला टणक जंतू पुढे लघवीच्या संसर्गात किंवा ऑपरेशनच्या जखमेत भेटतो. तिथून तो सांडपाण्यात जातो. पुण्यातून वाहणाऱ्या मुठेच्या गाळाचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. शहराच्या वरच्या बाजूच्या गाळापेक्षा शहरातल्या गाळात औषधांना दाद न देणारी जनुकं कितीतरी पटींनी जास्त होती, आणि त्यात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या अँटिबायोटिक्सना निकामी करणारीही होती. चिखलीच्या कडेने इंद्रायणी वाहते. तिच्यावर फेस दिसतो तेव्हा वर्तमानपत्रात फोटो छापून येतात, पण जनुकं फोटोत दिसत नाहीत. ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली आलेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे झाले.

दातांचा यात वाटा किती? जगभरात माणसांना लिहून दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक्सपैकी साधारण दहावा भाग दंतवैद्यांचा धरतात. आपल्याकडे न लिहिता दिलेल्या गोळ्या त्या हिशेबात येतच नाहीत. कायद्याने अमॉक्सिसिलिन चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पाकिटावर उभी लाल रेघ असते ती त्याचसाठी. २०१४च्या मार्चपासून शेड्यूल एच-१ लागू झालं, त्यात काही जबर औषधांसाठी रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वहीत नोंदवणं विक्रेत्याला बंधनकारक केलं. नेहमीचं अमॉक्सिसिलिन त्या यादीत नाही, त्यामुळे त्याची वही ठेवावी लागत नाही.

मेडिकलवाल्यावर आणि गिऱ्हाइकावर खापर फोडणं सोपं आहे. मला ते पटत नाही. कंत्राटी कामगाराने दाताच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे खाडा. रूट कॅनाल म्हणजे दोन-तीन खेपा, म्हणजे दोन-तीन खाडे, वर कॅपचा खर्च. त्यापुढे पुडीतल्या गोळ्या फारच स्वस्त. त्याचा हिशेब त्या रात्रीपुरता बरोबरच असतो. फक्त दाढ मरून गेल्यावर, सूज आल्यावर जे बिल येतं ते त्यात धरलेलं नसतं. दात काढायचा म्हटलं तर आणखी एक भीती आडवी येते: वरची दाढ काढली की नजर जाते. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. दात काढल्याने नजरेला काही होत नाही. उलट वरच्या दाताचा पू तसाच ठेवला तर तो डोळ्याकडे सरकू शकतो.

थोडा दोष दवाखान्यांकडेही जातो. ‘आधी पाच दिवस गोळ्या घ्या, सूज उतरली की या,’ हे वाक्य चिखलीतच काय, कुठेही ऐकायला मिळतं. त्यामागे एक खरी अडचण आहे. पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि बधिरतेचं इंजेक्शन तिथे नीट काम करत नाही. पण त्यावर उपाय आहेत. इंजेक्शन सुजेपासून दूर, नसेच्या मुळाशी देता येतं. दात उघडून पू वाहू देता येतो, हिरडीला छोटी चीर देता येते. पुवाला वाट करून दिली की बहुतेक वेळा त्याच दिवशी आराम पडतो. जुन्या काळच्या सर्जनांना हे अँटिबायोटिकच्या आधीपासून माहीत होतं. पुढचं काम म्हणजे आतली मेलेली नस काढून पोकळी साफ करून भरणं, तेच रूट कॅनाल. किंवा दात वाचण्यापलीकडे गेला असेल तर तो काढणं. एवढं झालं की धडधाकट माणसाला अँटिबायोटिकची गरज पडत नाही.

तोवर रात्र कशी काढायची? आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र घेतलं तर दाढदुखीवर चांगला उतार पडतो. मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल तर आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही, आणि डेंग्यूचा संशय असला तरी नाही. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, ते जागा खरोखर बधिर करतं. दंतवैद्यही ते वापरतात. मात्र गोळी दाढेत दाबून धरू नये. ॲस्पिरिन असं धरल्याने हिरडी भाजून पांढरी पडलेली पाहिली की दाढ बरी असं वाटतं. मिसरी लावल्यानेही ठणका जरा बोथट होतो, त्यामुळे घरातल्या बायकांची दाढ आतून सडत जाते आणि कळतच नाही. तंबाखूचं बाकीचं काम मिसरी करतेच.

आता जिथे गोळी लागतेच, तिथली गोष्ट. १८३६मध्ये फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरने एका भयानक आजाराचं वर्णन केलं. खालच्या मागच्या दाढांची मुळं जबड्याच्या आतल्या एका स्नायूच्या खाली पोचतात. तिथला पू हनुवटीखालच्या मऊ भागात उतरतो, दोन्ही बाजूंना पसरतो, जीभ वर आणि मागे ढकलली जाते, श्वास कोंडतो. ‘लुडविग्ज अँजायना’ हे त्याचं नाव आजही तसंच आहे. अशा रुग्णाला रात्रीच्या रात्री मोठं हॉस्पिटल लागतं: शिरेतून अँटिबायोटिक, श्वासाची वाट सांभाळणं, चीर देऊन पू काढणं, सगळं एकदम. इथे दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. तोंड दोन बोटांपुरतंही उघडत नाही, गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज जाड होतो, हनुवटीखाली लाकडासारखी कडक सूज येते, डोळ्याखाली सूज येऊन डोळा मिटत जातो, थंडी वाजून ताप येतो; यांतलं काही दिसलं तर मेडिकल नको आणि गल्लीतला दवाखानाही नको. पिंपरीचं वायसीएम हॉस्पिटल रात्री उघडं असतं. २००७मध्ये अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात १२ वर्षांचा एक मुलगा किडलेल्या दाताचा पू मेंदूत पोचून वारला. दात काढायचा खर्च तिथे ८० डॉलर होता. इतक्या श्रीमंत देशात हे घडलं, कारण त्या कुटुंबाला वेळेवर दाताचा डॉक्टर मिळाला नाही.

सूज पसरत असेल, ताप असेल, मधुमेह ताब्यात नसेल, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असतील तर डॉक्टर अँटिबायोटिक देतील, आणि ते घ्यायलाच हवं. मधुमेहाचं विशेष लक्षात ठेवावं. वाढलेल्या साखरेने हिरड्यांचा संसर्ग बळावतो आणि हिरड्यांच्या संसर्गाने साखर ताब्यात येत नाही, असं हे दोन्ही बाजूंनी चालतं. कोविडनंतर २०२१मध्ये महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे रुग्ण आले, त्यांतल्या पुष्कळांना साखर होती, आणि काहींचं पहिलं लक्षण वरच्या जबड्याचे हललेले दात हे होतं. तो संसर्ग बुरशीचा. अँटिबायोटिकचा तिथे काही उपयोग नव्हता.

हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या, पूर्वी हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग होऊन गेलेल्या किंवा काही जन्मजात हृदयदोष असलेल्या माणसांना दात काढण्याआधी अँटिबायोटिकचा एक डोस देतात, कारण तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस रक्तात शिरून झडपेवर बसू शकतात. पूर्वी हा डोस कितीतरी जास्त लोकांना दिला जाई. २००७मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने यादी आखूड केली. कारण साधं होतं: रोज ब्रश करताना, चावताना हेच जीवाणू रक्तात जात असतात, तेव्हा वर्षातून एकदा दिलेल्या डोसपेक्षा रोज स्वच्छ ठेवलेलं तोंड जास्त राखण करतं. लहानपणी सांधेताप होऊन झडप खराब झालेले लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी हृदयाच्या डॉक्टरला विचारूनच ठरवावं.

‘कोर्स पूर्ण करा’ हे वाक्य आपल्या कानावर इतकं पडलं आहे की त्यावर शंका घेणं पाप वाटतं. क्षयासाठी ते अक्षरशः खरं आहे, त्यात सूट नाही. दाताच्या बाबतीत मात्र २०१९च्या त्याच सूचनांत वेगळं लिहिलंय: तीन दिवसांनी रुग्णाला पुन्हा पाहा, आणि ताप-सूज गेल्यावर एक दिवसाने औषध थांबवा. तीन ते सात दिवस पुरतात. मुळात पू काढला, दातावर काम केलं तर गोळीला फार दिवस लढावं लागत नाही. हा निर्णय औषध देणाऱ्या डॉक्टरला विचारून घ्यायचा. दुखणं थांबलं म्हणून दुसऱ्या दिवशी उरलेल्या गोळ्या डब्यात टाकणं आणि पुढच्या महिन्यात शेजारच्या काकूंना देणं, हा त्याचा अर्थ नव्हे.

खर्चाचं म्हणाल तर ज्यांच्या पगारातून ईएसआयसी कापली जाते त्यांना चिंचवडला मोहननगरमध्ये कामगार विमा रुग्णालय आहे. पिंपरीत डी. वाय. पाटील यांचं दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि पैसे कमी. वेळ म्हणजे पुन्हा खाडा हे खरंच आहे. कारखान्यांच्या गेटवर रक्तदान शिबिरं भरतात, डोळे तपासणीची शिबिरं भरतात. वर्षातून एकदा दंतवैद्याची खुर्ची आत आणली तर कितीतरी दाढा दुखायच्या आधी भरून होतील, आणि कंपनीचेही दिवस वाचतील.

दात काढून घेतल्यावरही गोळीचा मोह सुटत नाही. काढलेल्या जागी रक्ताची गुठळी बसते, तिच्याखाली हाड भरून येतं. ती गुठळी निघाली तर हाड उघडं पडतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त ठणका लागतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, तंबाखूचा बार भरणाऱ्यांत आणि सारखं थुंकणाऱ्यांत हे जास्त घडतं. माणसाला वाटतं ‘इन्फेक्शन झालं’ आणि तो पुन्हा सहाशे पंचवीस आणायला मेडिकलवर. त्या उघड्या हाडावर त्या गोळीचा काही उपयोग होत नाही. डॉक्टर जागा धुऊन त्यात औषधी पट्टी ठेवतात, तासाभरात ठणका उतरतो. त्या पट्टीत बहुधा युजेनॉल असतं, घरातल्या लवंगेतलं.